पाच नंबरची जागा

माझ्या टेबलावर गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात नुसते पाच होते. वाटाण्याएवढ्या गोल पांढऱ्या चिठ्ठ्या, मागे गोंद, पुढे काळ्या शाईत पाचाचा आकडा. झाकण दाबून बसवावं लागे इतके झाले होते.

आमचा कारखाना नर्सिंगच्या शाळांना शरीराची मॉडेलं पुरवायचा. हृदय, कान, डोळा, मूत्रपिंड, सगळं प्लास्टरचं. साचेकाका साच्यात प्लास्टर ओतायचे, बारीक रंगवायची आणि मी नंबर चिकटवायची. मॉडेलबरोबर एक छापील यादी जायची: एक नंबर म्हणजे काय, दोन नंबर म्हणजे काय, आणि त्याचं काम काय. हृदयाला हृदय म्हणायचे आमच्याकडे, कानाला कान. बायकांच्या जननेंद्रियाच्या मॉडेलला मात्र सगळे 'खालचं' म्हणायचे. 'खालचं वाळलं का?' 'खालची चार पॅक करा.' मीही तसंच म्हणायची, उगाच शहाणपणा कशाला करू.

तर ह्या 'खालच्या'साठी छापखान्यातून एक ते बारा आकड्यांची पट्टी यायची, आणि यादीत चारनंतर एकदम सहा. पाच उरायचाच. कामाला लागले तेव्हाच साचेकाकांना विचारलं होतं. छपाईची चूक आहे, टाकून दे, असं ते मान वर न करता म्हणाले. टाकवेना म्हणून डब्यात टाकत गेले. फुकट जाणाऱ्या वस्तू जमवायची खोड आहे मला, घरी त्यावरून बोलणी खाते.

बारीक हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगाने चांगली भरलेली बाई, ती चढली की आमचा लाकडी जिना कुरकुरायचा. पण केसाएवढी नस रंगवावी तर तिनेच. लाल, निळी, पिवळी, एका दमात, हात न टेकवता. म्हणून ती बारीक. आठ वर्षांत तिची एक रेघ वाकडी गेलेली मी पाहिली नव्हती. त्या सोमवारी मात्र तिने लागोपाठ तीन कान बिघडवले.

जेवणाच्या सुट्टीत तिला वाळवणीच्या खोलीत ओढलं. तिथे मॉडेलं फळ्यांवर सुकत ठेवलेली असायची आणि दुपारी कुणी फिरकत नसे.

"काय झालंय?"

"ह्यांना दुसऱ्या शहरात पाठवतायत. तीन वर्षं. एकट्यालाच राहायचंय, घर देणार नाहीत."

तिचा नवरा एका कंपनीत लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. शांत माणूस. लिफ्ट बिघडली की आधी दाराला कान लावून उभा राहणारा.

"मग जबरदस्ती आहे का?"

"नाही. शनिवारी दोनपर्यंत कागदावर सही करून द्यायची. केली तर जायचं, नाही केली तर इथेच. मला म्हणाले, तू थांब म्हणालीस तर नाही करत." तिने जेवणाचा डबा उघडलाही नव्हता. "मी जा म्हणाले."

मला राग आला. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, आणि ही बाई त्याला स्वतःहून वाटेला लावतेय. मी तिला तसं तोंडावर म्हटलं. ती ऐकत राहिली. मग उठली, फळीवरच्या 'खालच्या' मॉडेलांपाशी गेली आणि ब्रशचं मागचं टोक एकावर ठेवलं. वरच्या बाजूला, जिथे दोन्ही कडेच्या घड्या एकत्र येतात तिथे.

"इथे काही आहे का, मावशी?"

"नाही."

"माझ्यात आहे. गाठ आहे मला."

त्या जागी प्लास्टर गुळगुळीत होतं. तिथून जरा बाजूला मी चार चिकटवायची आणि जरा खाली सहा. चौपन्न वर्षांची, दोन मुलांची आई मी, आणि मीही त्या मॉडेलकडे पाहून मान डोलावली, की खरंच, तिथे तर काहीच नसतं. स्वतःकडे पाहायचं सुचलंसुद्धा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो एवढा असू शकतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ती उभ्याउभ्याच सांगत गेली. कामाला लागली त्या वर्षी हे मॉडेल पहिल्यांदा रंगवायला आलं. त्याआधी तिने स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. आमच्यात कोण पाहतं? मॉडेल पाहून कुतूहल वाटलं म्हणून घरी कोणी नसताना हातात आरसा घेतला. सगळं जुळलं. तेवढी एक जागा जुळली नाही.

"बाळंतपणात कुणी काही बोललं नाही?"

"त्यांना मुलीला बाहेर काढायची घाई. आणि त्यानंतर वाढली असेल."

"दुखते?"

"नाही. तेच तर. दुखत नाही आणि एकसारखी राहातही नाही. एरवी एवढीशी असते. हे जवळ आले की फुगते, कडक होते. धडधडतं तिथे. सगळ्या अंगात कसंतरीच होतं. आधी आवडायचं मला ते." तिने ब्रश खाली ठेवला. "आता जरा तसं व्हायला लागलं की घाम फुटतो. वाटतं, हात लागून लागून वाढतेय. मग मी त्यांना ढकलते. आठ वर्षं ढकलतेय, मावशी. काय सांगून ढकलू? डोकं दुखतंय, मुलगी जागी आहे, दमलेय. परवा कारणच सुचेना तर नुसतंच ढकललं. ते उठून बाहेरच्या खोलीत जाऊन झोपले."

"आणि डॉक्टर?"

"कापतील. नाहीतर सांगतील किती दिवस राहिलेत ते. त्यापेक्षा हे लांब असलेले बरे. त्यांना बघायला नको, मला लपवायला नको."

माझ्या थोरल्या बहिणीने छातीतली गाठ दीड वर्षं लपवली होती. सांगितली तेव्हा डॉक्टरांकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिचं नाव घरात कुणी काढलं की मी अजून भांडी आपटते. बारीककडे पाहताना मला तीच दिसत होती, आणि मी तिला चल म्हटलं, आज, आत्ता. ती नाही म्हणाली. मंगळवारीही नाही म्हणाली. ओढून नेईन म्हटलं तर म्हणाली, "ओढा, मी कामच सोडते." गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणत मी दिवसभर उलटेसुलटे नंबर चिकटवले आणि संध्याकाळी सगळे उचकटत बसले.

बुधवारी सुटताना तिचा नवरा फाटकाशी उभा. ती पुढे निघून गेली होती, हे त्याला माहीत होतं. तो माझ्यासाठीच थांबला होता.

"मावशी, ती तुमच्याशी बोलते. माझं काय चुकलं तेवढं विचारून सांगाल?"

"तूच का नाही विचारत?"

"विचारलं. काही नाही म्हणते." दुरुस्तीच्या हत्यारांची पिशवी त्याने ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग रस्त्याकडे पाहत म्हणाला, "चांगलं चाललेलं असतं. आणि मध्येच ढकलते, चटका बसल्यासारखी. किळस येत असेल माझी. मग कशाला राहायचं मी? शनिवारी सही करून टाकतो."

सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण दुसऱ्या बाईने विश्वासाने सांगितलेलं नवऱ्याला परस्पर कसं सांगणार? "शनिवारी दोनपर्यंत वेळ आहे ना, मग दोनपर्यंत थांब," एवढंच मी म्हणाले, आणि तेही जरा खेकसूनच.

त्याच दिवशी मालकांनी एक काम काढलं होतं. एका नव्या नर्सिंग शाळेला 'खालची' वीस मॉडेलं हवी होती, पण तिथे शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना आधी एक नमुना पाहायचा होता. त्यांचा स्वतःचा बायकांचा दवाखाना होता, तिथेच पाठवा म्हणाल्या. कोण नेतंय, असं मालकांनी विचारताच मी हात वर केला. "आणि बारीकला बरोबर द्या. बसमध्ये रंग घासला तर हात फिरवायला."

गुरुवारी दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत तिला संशय आला नाही. पायऱ्यांवर मी सांगितलं, की नमुना तर द्यायचाच आहे, पण तुलाही दाखवायचंय. ती वळली. मी तिचं मनगट धरलं. माझ्या पकडीला नंबर चिकटवून चिकटवून काही जोर राहिलेला नाही, तिने झटकलं असतं तर सुटलं असतं.

"तुझी मुलगी बारा वर्षांची," मी म्हणाले. "माझ्या बहिणीची अकराची होती."

ती तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता आत गेली.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बारीकला पडद्याआड घेतलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मॉडेल, समोर भिंतीवर घड्याळ. पाच मिनिटं झाली. दहा झाली. तपासायला इतका वेळ लागतो तेव्हा काहीतरी सापडलेलं असतं, हे मला बहिणीच्या वेळेपासून पाठ होतं. आतून हळू बोलणं ऐकू येई आणि थांबे. मग बारीकचा आवाज आला, "नाही, नसतं तिथे, मला माहीत आहे." मी मॉडेल इतकं घट्ट धरलं की कागद फाटला.

दार उघडलं. "तुम्हीच मावशी का? आत या. हिला गाठबीठ काही नाही. पण हिला पटतच नाहीये. म्हणते मॉडेलमध्ये नाही. कुठलं मॉडेल?"

मी टेबलावर ठेवून कागद सोडला. बाईंनी चष्मा लावला. मॉडेल फिरवून पाहिलं, यादी पाहिली, परत मॉडेल पाहिलं.

"हे तुम्ही बनवता?"

"हो. हिने रंगवलंय. नंबर माझे."

"ह्यात एक अवयव नाहीये."

बारीक खुर्चीच्या कडेला बसली होती, उठून पळायच्या बेतात असल्यासारखी. बाईंनी पेन घेतलं आणि त्या गुळगुळीत जागी एक छोटा गोल काढला.

"ह्याला क्लिटोरिस म्हणतात. आपल्या पुस्तकात शिश्निका. प्रत्येक बाईला असते. हिला आहे, मला आहे, तुम्हालाही आहे."

मी वर पंख्याकडे पाहिलं. बाई थांबल्या नाहीत. बाहेर दिसतं ते नुसतं टोक, म्हणाल्या, वर कातडीची टोपी असते. बाकी सगळी आत. त्यांनी पेनने मॉडेलच्या दोन्ही बाजूंना खाली जाणाऱ्या दोन रेघा ओढल्या. "असे दोन पाय असतात तिला, आत हाडाला धरून. सगळी मिळून बोटभर तरी लांब. हिच्यात रक्त भरतं तेव्हा ती फुगते आणि कडक होते. पुरुषाचं होतं तसंच. पोटात असताना दोन्ही एकाच भागातून बनतात. म्हणून ती कधी लहान, कधी मोठी."

आमच्या यादीत प्रत्येक नंबरापुढे कामाचा रकाना असतो. सवयीने मी विचारलं, "हिचं काम काय? लघवीचं?"

"नाही. त्याची वाट वेगळी, खाली."

"मुलाचं?"

"नाही. सुख. तेवढंच काम. शरीरात दुसरा कुठलाही अवयव फक्त तेवढ्यासाठी नसतो." त्या बारीककडे वळल्या. "तुम्ही ज्या वेळी नवऱ्याला ढकलता ना, त्या वेळी तुमचं सगळं अगदी व्यवस्थित चाललेलं असतं."

बारीकने मान खाली घातली. मग तिने विचारलं, इतक्या हळू की बाईंना पुढे वाकावं लागलं. "मग बाकीच्या बायकांना... हेच आवडतं?"

"बहुतेकींना नुसत्या संबंधाने पुरेसं सुख मिळत नाही. इथे स्पर्श लागतो, ह्याच्या आजूबाजूला. हळू, वेळ घेऊन. कुणाला कसा, ते वेगवेगळं असतं, आणि नकोसं वाटलं तर थांबवायचा हक्क आहेच. पण ते बोलून सांगावं लागतं. नवऱ्याला आपोआप कसं कळेल? त्याच्याकडे कुठे आहे ती?" मी हसले. बारीक हसली नाही. बाईंनी चष्मा काढला. "आणि हे बघा, आलात ते बरंच केलंत. नवी गाठ, वाढत जाणारी, दुखणारी, रक्त येणारी, असं काही वाटलं तर त्याच दिवशी यायचं. आठ वर्षं थांबायचं नाही."

मॉडेल त्यांनी परत माझ्या हातात दिलं. "हे असंच असेल तर मला वीस काय, एकही नको. ह्याच्यावर शिकलेली नर्स उद्या हिच्यासारख्या बाईला काय सांगणार? पूर्ण करून आणा."

मला वाटलं होतं बाहेर आल्यावर ती रडेल, माझ्या गळ्यात पडेल, जिवावरचं टळलं म्हणेल. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "आठ वर्षं. एका प्लास्टरच्या तुकड्यावर विश्वास ठेवला मी. स्वतःच्या अंगावर नाही ठेवला." तिचा चेहरा पाहून मला तिची भीती वाटली.

कारखान्यात शिरली ती सरळ साचेकाकांपुढे. काका सत्तरीचे, हात थरथरायला लागलेले, पण साच्यांच्या बाबतीत मालकही त्यांना विचारून पाणी प्यायचे. तिने मॉडेल त्यांच्यापुढे आपटलं नाही. फार हळू ठेवलं. पेनचा गोल त्यांच्या बाजूला केला.

"काका, इथे काय होतं?"

काकांनी पाहिलं. समोर बघून खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि वयही राहिलं नव्हतं. "होतं बारीकसं टोक. साच्यातून काढताना मोडायचं. दहातली चार फुकट जायची. मालकांना विचारलं, ते म्हणाले बुजवा, परीक्षेत विचारत नाहीत. बुजवलं. यादीतली ओळ काढली, छापखान्याच्या पट्टीत पाच तसाच राहिला. तुझ्या आधीची गोष्ट आहे, पोरी."

मी डब्याकडे पाहिलं. म्हणजे छपाईची चूक नव्हतीच. इतकी वर्षं मी त्या चिठ्ठ्या जमवत होते, आणि त्यातली एकएक चिठ्ठी म्हणजे कुठल्यातरी शाळेत टेबलावर ठेवलेलं एकएक अपुरं मॉडेल. काखेत कळसा म्हणतात, माझ्या तर डब्यात होता.

"आणि पुरुषाचं मॉडेल?" बारीकने विचारलं. "ते मोडत नव्हतं?"

"मोडायचं की. ते तर जास्तच मोडायचं."

"मग ते बुजवलं?"

काका गोंधळले. "ते कसं बुजवणार? त्यात आम्ही आतून तार घातली."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. काकांनी स्वतःचंच वाक्य ऐकल्यासारखा चेहरा केला. खाली बसले, दोन्ही हातांवरचं प्लास्टर चोळत राहिले. मग म्हणाले, "छिन्नी आण बरं ती छोटी."

साच्यात बुजवलेली जागा बाकीच्यापेक्षा पिवळट होती. ती काकांनी शुक्रवारी सकाळी स्वतः कोरून काढली. हात थरथरू नये म्हणून बारीकने त्यांचं कोपर धरून ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी पाठवलेल्या चित्रावरून तिने आतले दोन पायही मेणात घडवले. पहिलं मॉडेल काढताना टोक मोडलं. दुसरं काढतानाही मोडलं. मालक दारात येऊन उभे राहिले, एवढ्याशा टोकासाठी किती प्लास्टर घालवताय म्हणाले. बारीक म्हणाली, "वीसची ऑर्डर ह्या टोकाची आहे, मालक." ते निघून गेले. तिसऱ्यात तिने पितळेची बारीक तार घातली. ते अख्खं निघालं.

पाच वाजत आले तरी ते पुरतं वाळलं नव्हतं. तिने तसंच रंगवलं, पेटीतला सगळ्यात लहान ब्रश घेऊन. मग माझ्याकडे आणलं. "मावशी, नंबर लावा पटकन. घरी नेतेय. मला त्यांना सांगायचंय आणि शब्दच नाहीत माझ्याकडे. काय म्हणू? 'खालचं' म्हणू? हे दाखवून सांगेन."

शनिवारला एकच रात्र राहिली होती. मी घाईघाईने एक, दोन, तीन, चार, सहा, सात करत बारापर्यंत लावले, जुन्या पेपरात गुंडाळलं आणि तिच्या पिशवीत घातलं. ती जिना उतरून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. हाताच्या सवयीने मी ह्याही वेळी पाच गाळला होता.

शनिवारी आमचा अर्धा दिवस. ती आली तेव्हा डोळे सुजलेले. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "सांगितलं."

"मग?"

"ऐकून घेतलं. लिफ्टचं ऐकतात तसं. हे काय, ते काय, आत कुठपर्यंत जातं, सगळं विचारलं. मलाही विचारलं, कुठे बरं वाटतं. मी सांगितलं, लाजत लाजत. मग म्हणाले, आठ वर्षं मला वाटायचं तुला माझ्या हाताची किळस येते. एकदा, फक्त एकदा बोलली असतीस. आणि भिंतीकडे तोंड करून पडले." तिने नाक पुसलं. "सकाळी कागद खिशात घालून गेले. मॉडेलची पिशवीही नेली. कशाला नेली, माहीत नाही."

"थांब म्हणालीस का त्याला?"

"म्हणाले. ऐकू गेलं की नाही, देव जाणे."

अकरा वाजले. बारा वाजले. दोघी एकेक मॉडेल पुढे ओढून बसलो होतो आणि दोघींचं काम होत नव्हतं. मला त्या शांत माणसाचा राग येत होता आणि त्याची बाजूही कळत होती. आठ वर्षं ढकललेल्या माणसाने एका रात्रीत सगळं विसरावं, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? साडेबाराला साचेकाकांनी हात धुतले. बारीक उठली आणि मोरीवर जाऊन ब्रश धुवायला लागली.

पाऊण वाजता जिना कुरकुरला. तो वर आला, खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात कापडी पिशवी. बारीककडे त्याने एकदा पाहिलं. तिने पाहिलं नाही. तो माझ्या टेबलाशी आला आणि मॉडेल पेपरातून काढून ठेवलं.

"मावशी, ह्याच्यावर एक नंबर राहिलाय. चारनंतर सहा आहे. पार्ट आहे आणि नंबर नाही, असं आम्ही काम सोडत नाही."

मोरीवरून, पाठमोरीच, बारीकने विचारलं, "सही केली?"

"नाही." त्याने शर्टाच्या खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. खालची जागा कोरी होती. "साहेबांना सांगितलं, मला नाही जमणार, घरी काम आहे."

काका फडक्यात तोंड घालून खोकल्यासारखं करू लागले. मी डब्याचं झाकण उचकटलं आणि डबा त्याच्यापुढे धरला. ग्रीसने काळ्या झालेल्या दोन बोटांच्या चिमटीत त्याने एक पाच उचलला. त्याला म्हणणार होते, थांब, मी दाखवते. जागा मला पाठ, चिकटवायचं काम माझं. पण त्याने मला विचारलं नाही, यादी पाहिली नाही. वाकला आणि नेमक्या जागी, टोकावर न येता त्याच्या अगदी शेजारी, चिठ्ठी हळूच दाबून बसवली.

बारीक तिकडे ब्रश धुवतच होती. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.